एकच बेट, फुटलेली दोन जहाजं आणि माणसाच्या स्वभावाचा प्रश्न

1864 साली, जानेवारीत एक आणि मे महिन्यात एक, अशी दोन जहाजं न्यूझीलंडच्या दक्षिणेला साधारण 465 किलोमीटरवर असलेल्या ऑकलंड बेटांवर फुटली. (ऑकलंड शहर वेगळं, ते पार वर उत्तरेला.) पहिलं ग्राफ्टन, त्यावर माणसं 5. दुसरं इन्व्हरकॉल्ड, त्यावर 25, त्यातले 6 बुडाले आणि 19 जण किनाऱ्याला लागले. मुख्य बेट जेमतेम 40 किलोमीटर लांब, एक गट दक्षिणेकडच्या खाडीत, दुसरा वरच्या बाजूला, आणि जवळजवळ वर्षभर दोघंही एकाच वेळी तिथे होते पण एकमेकांचा पत्ता कुणाला नव्हता. ग्राफ्टनचे पाचच्या पाच जिवंत परत आले. इन्व्हरकॉल्डच्या 19 पैकी 3.

माणूस मुळात चांगला, वाईट की आपमतलबी हा वाद निघाला की मला हे प्रकरण सगळ्यात कामाचं वाटतं, कारण प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम रचलेलं हे नाही, आणि ज्यांच्यावर वेळ आली त्यांना आपण कशाचं उदाहरण होणार आहोत याची काही कल्पना नव्हती. एक बाजू म्हणते की कायदा नि पोलीस काढून घ्या मग बघा माणूस माणसाला कसा खातो. दुसरी म्हणते संकटात माणसातला माणूस जागा होतो. या बेटावर दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, आणि म्हणूनच नीट बघावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण आपल्याला हवी ती अर्धी गोष्ट उचलून घेऊन जातो.

आधी ग्राफ्टन. नोव्हेंबर 1863 मधे सिडनीहून निघालेलं छोटं जहाज, कॅम्पबेल बेटावर कथील मिळेल अशी आशा आणि नाहीच मिळालं तर सील मारायचे. कॅप्टन थॉमस मसग्रेव्ह अमेरिकन, सोबत फ्रान्स्वा रेनाल हा फ्रेंच माणूस, आणि तिघं खलाशी, एक नॉर्वेचा, एक इंग्लंडचा, एक पोर्तुगीज. म्हणजे पाच माणसं, पाच देश. कथील मिळालं नाही, रेनाल आजारी पडला, परतीच्या वाटेवर 2 आणि 3 जानेवारीच्या मधल्या रात्री वादळात जहाज कार्नली हार्बरमधे खडकावर आपटलं. रेनालला धड उभंही राहवत नव्हतं. त्याला मागे ठेवणं सोपं होतं, कुणी विचारायला नव्हतं, पण बाकीच्यांनी दोराच्या आधाराने त्याला किनाऱ्यावर काढलं. पुढे याच आजारी माणसाच्या हातातल्या कसबावर सगळे जगले, पण त्या रात्री हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा तो फक्त एक ओझं होता. माणूस फक्त स्वार्थानेच वागतो असं म्हणणाऱ्यांनी या रात्रीचा हिशोब कसा लावायचा ते सांगावं.

पण म्हणून लगेच माणूस मुळातच चांगला असं लिहून मोकळं होऊ नका, कारण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पहिले काही आठवडे कामाच्या धबडग्यात गेले. मोडक्या जहाजाची लाकडं आणि शिडाचं कापड ओढून आणून झोपडी बांधली, दगडी धुराडं केलं, त्याला शिंपले जाळून केलेला चुना. खायला सी लायनचं (सीलसारखा समुद्री प्राणी) मांस, पक्षी, शिंपल्यातले जीव, एका झाडाची मुळं. पोट थोडं स्थिरावलं आणि कुरबुरी सुरू झाल्या. जहाज गेलं म्हणजे कॅप्टनचा हुकूमही गेला, आता मसग्रेव्हने काही सांगितलं तर ऐकायचं कशासाठी असा प्रश्न होता, आणि उलट उत्तरं, टोचून बोलणं सुरू झालेलं. भांडण अजून हातघाईवर आलं नव्हतं. रेनालने तेव्हाच ओळखलं की हे असंच चाललं तर आपण थंडीने नाही, एकमेकांमुळे मरू.

त्याने सुचवलं की आपणच आपला एक प्रमुख निवडू. मालक नाही, कॅप्टनही नाही, तर घरातला कर्ता माणूस असावा तसा. त्याचं काम काय तेही ठरवलं: शिस्त ठेवायची पण सौम्यपणे, भांडणाची कारणं आधीच दूर करायची, आणि तंटा झालाच तर निवाडा करायचा. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. या माणसाने अधिकाराचा गैरवापर केला, किंवा स्वतःच्या फायद्यासाठी वापरला, तर बाकीचे मत देऊन त्याला काढून टाकू शकतात. मसग्रेव्हच्या बायबलमधल्या कोऱ्या पानावर हे लिहिलं, सगळ्यांनी शपथ घेतली, आणि मग दर रविवारी ते मोठ्याने वाचायचं ठरलं. निवड झाली मसग्रेव्हचीच, जो आधीपासून कॅप्टन होता. म्हणजे माणूस तोच, पण आता त्याचा हुकूम वरून आलेला नव्हता, या चौघांनी दिलेला होता आणि ते परत घेऊ शकत होते. स्वयंपाकाची पाळी बाकीच्या चौघांत आठवड्या-आठवड्याने फिरायची. संध्याकाळी शाळा भरायची, कुणी लिहा-वाचायला शिकलं, कुणी दुसऱ्याची भाषा, आणि आज शिकवणारा उद्या शिकणारा असल्यामुळे कुणाचा तोरा फार टिकत नव्हता.

या पानाकडे मी परत परत येतो, कारण हे पान एकमेकांवर विश्वास आहे म्हणून लिहिलेलं नाही. भांडण होईल असं गृहीत धरलंय, ज्याला अधिकार देऊ तो बिघडेल हेही गृहीत धरलंय. स्वतःच्या स्वभावाबद्दल या पाच जणांना अजिबात भ्रम नव्हता. आणि तरीही, किंवा मी तर म्हणेन म्हणूनच, ते एकमेकांशी चांगले वागू शकले. आपण चांगलेच आहोत अशी ज्यांची खात्री असते ते असली कलमं लिहीत नाहीत, आणि आपण वाईटच आहोत अशी खात्री असेल तर लिहून उपयोग काय असं म्हणून सोडून देतात.

पत्त्यांची गोष्ट बघा. रेनालने करमणुकीसाठी बुद्धिबळ केलं, डॉमिनो केले, मग पत्त्यांचा जोड तयार केला. मसग्रेव्हला हरणं सहन व्हायचं नाही. खेळताना तो चिडायचा, त्यावरून रेनालशी वाजलं. रेनालने काय केलं, तर स्वतः मेहनतीने बनवलेले ते पत्ते नष्ट करून टाकले. मसग्रेव्हला सुधारायला नाही गेला, त्याने आता मोठ्या मनाने हरायला शिकावं असं प्रवचनही नाही दिलं. या माणसाचा हा कच्चा दुवा आहे तर तो ताणायचाच नाही, विषय संपला. तो पुढारी म्हणून चांगला होता आणि पत्त्यात वाईट हरणारा होता, दोन्ही एकाच वेळी खरं. त्याला एका शब्दात बसवायची यांना कधी गरजच पडली नाही.

आता इन्व्हरकॉल्ड. मेलबर्नहून पेरूमधल्या कायाओ बंदराकडे चाललेलं मोठं जहाज, 10 मेच्या रात्री बेटाच्या वायव्येच्या कड्यांवर आदळलं. उभे कडे, खाली अरुंद खडकाळ पट्टी, जहाजाचा चुराडा. कॅप्टन जॉर्ज डलगार्नो, मेट म्हणजे त्याच्या हाताखालचा अधिकारी अँड्र्यू स्मिथ आणि बाकीचे, हातात थोडी बिस्किटं, थोडं खारवलेलं डुकराचं मांस, आणि काड्यापेटी. वर चढायचं का, कुठे जायचं, काही ठरेना. कॅप्टन खचलेला होता. गट फुटत गेला, चालवत नव्हतं ते मागे राहिले, कुणी परत आलं, कुणी आलंच नाही. एकेक जण भुकेने नि थंडीने गेला आणि काही महिन्यांतच बोटावर मोजण्याइतके उरले. नवल म्हणजे हुद्द्याची उतरंड मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, अधिकारी ते अधिकारी आणि खलाशी ते खलाशी, खलाशाने कामं करावीत ही अपेक्षा कायम.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर हा अभ्यास नाही नुसतं कीर्तन होईल. दोन्ही गटांची परिस्थिती सारखी नव्हती. ग्राफ्टन खाडीच्या आत फुटलं, सांगाडा किनाऱ्यालगत अडकून राहिला, त्यातून लाकूड, कापड, थोडी हत्यारं, बंदूक, छोटी होडी हे सगळं हाताला लागलं. आणि जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. इन्व्हरकॉल्डवाले हिवाळ्याच्या तोंडावर, जवळजवळ रिकाम्या हातांनी कड्याखाली पडले. पाच माणसांचं पोट आणि एकोणीस माणसांचं पोट यातही फरक आहेच. त्यामुळे चांगली माणसं जगली नि वाईट मेली असा निकाल देणं हा मेलेल्यांवर सरळ अन्याय आहे, आणि हे प्रकरण सांगताना बरेच जण हा अन्याय करतात. तिथे मेलेल्यांत कोवळी पोरं होती, जखमी होते, त्यांच्या स्वभावाची परीक्षा व्हायला आधी अंगात ऊब लागते. दुसरं असं की ग्राफ्टनची हकीकत आपल्याला मसग्रेव्ह आणि रेनाल यांनीच सांगितलेली आहे, माणूस स्वतःबद्दल लिहिताना थोडं सावरून लिहिणारच. पण मसग्रेव्हची रोजनिशी तिथेच बेटावर लिहिलेली आहे, शाई संपल्यावर सीलच्या रक्ताने लिहिलेली, आणि त्यात तो स्वतःची निराशा, चिडचिड लपवत नाही, म्हणून मी तिच्यावर बराच भरवसा ठेवतो.

आणि या दुसऱ्या गटातही रॉबर्ट होल्डिंग होता. साधा खलाशी. कडा चढून पुढे काय आहे ते बघायला जाणारा, खायचं शोधणारा, लोकांना उठवून चालायला लावणारा. उत्तरेला पोर्ट रॉसला एक जुनी वसाहत होती, 1852 मधे लोक सोडून गेलेले, तिथले पडके अवशेष त्यांना सापडले ते अशाच भटकंतीत. शेवटी उरले तीन, डलगार्नो, स्मिथ आणि होल्डिंग, आणि ते दोन अधिकारी जगले यात या खलाशाचा वाटा फार मोठा आहे. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. एकटा राहिला असता तर कदाचित त्याचं जास्त बरं चाललं असतं. 22 मे 1865 ला एक पोर्तुगीज जहाज तिथे आलं आणि तिघांना घेऊन गेलं.

म्हणजे वाईट म्हणून ज्या गटाचं उदाहरण देतात तिथे होल्डिंग आहे, आणि चांगला म्हणून ज्याचं देतात तिथे कुरबुरी आहेत. मग फरक कशात होता? प्राचीन चीनमधला विचारवंत मेन्शियस म्हणायचा की विहिरीत पडू घातलेलं मूल बघून कुणाच्याही काळजात चर्र होतं, तो चांगुलपणा उपजत आहे. त्याच्यानंतरचा श्युन्झी म्हणायचा नाही, स्वभाव वाईटच, चांगुलपणा हा मेहनतीने घडवावा लागतो. होल्डिंगमधे मला मेन्शियसचा तो उपजत चांगुलपणा दिसतो. पण एकट्याच्या काळजात चर्र होऊन 19 माणसं वाचत नाहीत. ग्राफ्टनवर जे होतं ते श्युन्झीचं होतं, रोजचं, ठरवून केलेलं, लिहून ठेवलेलं. आणि इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स म्हणतो तसं नुसती वरची सत्ता असली की भागतं असंही इथे दिसत नाही, कारण सत्ता इन्व्हरकॉल्डवर पहिल्या दिवसापासून होती, रीतसर कॅप्टन होता, मेट होता. कॅप्टन खचला तेव्हा त्याला बाजूला करून होल्डिंगला पुढे करायची सोय मात्र कुणाकडे नव्हती. ते शेवटचं कलम त्यांच्याकडे नव्हतं.

माझं म्हणणं बरोबर आहे की नाही हे तपासायला या प्रकरणातच एक जागा आहे, आणि ती मला सगळ्यात बोलकी वाटते. ग्राफ्टनच्या मालक मंडळींनी सांगितलं होतं की ठरल्या मुदतीत परत आला नाहीत तर शोधायला जहाज पाठवू. कुणी आलं नाही. वर्ष गेलं, हिवाळ्यात सी लायन निघून जायचे तेव्हा उपासमार व्हायची. मग यांनी स्वतःच निघायचं ठरवलं. नवीन बोट बांधायचा घाट घातला, रेनालने भट्टी केली, भाता सीलच्या कातड्याचा, लोखंडातून एकेक हत्यार ठोकून काढलं, पण लाकडाला लांब भोक पाडायचं गिरमिट काही जमेना, त्याचा पीळ प्रत्येक वेळी बिघडायचा. मग जुन्या होडीलाच उंच नि लांब केलं. त्यात पाच जण मावत नव्हते. 19 जुलै 1865 ला तिघं निघाले, मसग्रेव्ह, रेनाल आणि नॉर्वेचा खलाशी, दोघं मागे. भर हिवाळ्यात, खवळलेल्या समुद्रात, गळक्या होडीतून पाच दिवसांनी, 24 तारखेला ते स्ट्युअर्ट बेटावर पोचले. तिथून इन्व्हरकार्गिल गाव. सरकारी मदत होईना तेव्हा गावातल्या लोकांनी वर्गणी काढली, आणि धड चालताही न येणारा मसग्रेव्ह मागे राहिलेल्या दोघांना आणायला छोट्या जहाजातून परत त्याच समुद्रात गेला.

तिथे पोचल्यावर काय कळलं, तर मागे राहिलेल्या दोघांचं एकमेकांशी पटेनासं झालं होतं, आणि वेगळं राहायचं यावर गोष्ट आलेली. हे तेच दोघं, जे दीड वर्ष त्या झोपडीत तंटा न वाढवता राहिले. त्यांचा स्वभाव महिन्याभरात बदलला का? नाही हो. पाचाची व्यवस्था दोनावर आली, निवाडा करणारा तिसरा नाही, मत कुणाला द्यायचं, रविवारी कुणाला वाचून दाखवायचं, आणि डोक्यावर ही टांगती तलवार की बोट बुडाली असेल आणि कुणी येणारच नाही. ज्याला आपण त्या दोघांचा चांगुलपणा म्हणत होतो तो त्यांच्या एकट्याच्या अंगात नव्हता, पाच जणांच्या मधे कुठेतरी होता, आणि तीन गेल्यावर उरलेल्या दोघांना तो पुरला नाही. मी हे त्यांना कमी लेखून सांगत नाही, उलट मला यातून दिलासा मिळतो, कारण स्वभाव बदलणं कुणाच्या हातात नसलं तरी मधली व्यवस्था करणं हातात असतं.

मालकांचं वागणं पण याच खात्यात टाकायला हवं. ते राक्षस नव्हते. वचन देताना खरंच मनापासून दिलं असेल, पण समोर कुणी नाही, खर्च मात्र समोर दिसतोय, आणि न पाठवल्याबद्दल जाब विचारणारेच बेटावर अडकलेले. असल्या जागी आपलेपणा पातळ होत जातो. इन्व्हरकार्गिलच्या लोकांना मसग्रेव्ह डोळ्यासमोर दिसत होता, अंगावरच्या चिंध्यांसकट, म्हणून वर्गणी झाली. माणूस जवळच्यासाठी चांगला आणि लांबच्यासाठी विसरभोळा असतो, हे दोन्हीकडे सारखंच होतं.

मग लांबच्या, अजून न बुडालेल्या, नावसुद्धा माहीत नसलेल्या माणसासाठी काय करायचं, हा प्रश्न पुढे खरोखरच उभा राहिला. 1866 मधे जनरल ग्रँट नावाचं जहाज त्याच बेटांवर फुटलं, 83 पैकी 68 जण तेव्हाच गेले आणि अखेर 10 वाचले. त्यानंतर न्यूझीलंडकडून या दक्षिणेकडच्या बेटांवर मदतीचे साठे ठेवायची पद्धत हळूहळू पक्की झाली. कपडे, घोंगड्या, काड्यापेट्या, बिस्किटं, हत्यारं, कुठल्या दिशेला चालायचं ते दाखवणाऱ्या पाट्या, आणि वेळोवेळी जाऊन तपासणारं सरकारी जहाज.

हे साठे बनवणाऱ्यांनी माणूस किती नीट ओळखला होता ते बघा. साठ्यातले कपडे मुद्दाम वेगळ्या नक्षीच्या कापडाचे, म्हणजे कुणी चोरून घालून फिरला तर बंदरात लगेच ओळखू येईल. आणि एका पेटीवर शाप लिहिलेला, की पाठीशी स्वतःचं जहाज असताना जो कुणी ही पेटी फोडेल त्याला विधवेचा आणि पोरक्या लेकरांचा शाप लागो. जिथे पोलीस नाही, साक्षीदार नाही तिथे एवढंच करता येण्यासारखं होतं. तरीही सील मारायला येणाऱ्यांनी काही साठे लुटले. लुटले म्हणून ठेवायचं बंद केलं नाही, परत भरले.

मार्च 1907 मधे डंडोनाल्ड नावाचं जहाज शेजारच्या डिसअपॉइंटमेंट बेटावर फुटलं. 28 पैकी 16 जण किनाऱ्यावर पोचले, त्यातला एक नंतर गेला. त्या बेटावर साठा नव्हता. पक्षी आणि मुळं खाऊन त्यांनी हिवाळा काढला, झाडाच्या वाकड्या फांद्यांवर शिडाचं कापड ताणून टोपलीसारखी होडी केली आणि मुख्य बेट गाठलं. तिथे साठा होता, त्यात होडी होती, ती घेऊन बाकीच्यांना आणलं. नोव्हेंबरमधे सरकारी जहाज नेहमीच्या फेरीवर आलं तेव्हा पंधरा जण त्या साठ्यातले कपडे घालून उभे होते.